चढाला पडणारा काटा

सपाटीवर गाडी गुमान चालायची. खंबाटकीचा चढ लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की मात्र मिसिंग सुरू. 2002 सालची एमपीएफआय. प्लग, कॉइल, पेट्रोल फिल्टर सगळं बदलून झालं होतं. आता पंपच गेला असणार, असं ठरवून नव्या पंपाचं खोकंच घेऊन मी शिरवळच्या मिस्त्रींकडे पोचलो.

त्यांनी खोक्याकडे बघितलंही नाही. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे लाइनीतलं प्रेशर उतरतं. मग चिंधी धरून नट सैल केला, गेज जोडला. इंजिन चालू, काटा अडीच किलोच्या आसपास. अगदी हवा तिथे.

"म्हणजे पंप चांगला?"

"उभ्या गाडीत सगळंच चांगलं असतं, साहेब."

गेजची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून त्यांनी गेज काचेवर चिकटपट्टीने चिकटवला, आणि आम्ही घाटाकडे निघालो. चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काटा तीनकडे सरकायला हवा. तो दोनवर आला, मग दीडवर, आणि गाडीने धाप टाकली. रेग्युलेटर गेला असता तर काटा उभ्या गाडीतही पडला असता. इथे प्रेशर होतं, पुरवठा अपुरा होता. मी पुन्हा खोक्याकडे पाहिलं.

गॅरेजात परत आल्यावर मागची सीट निघाली. कनेक्टर काढून मी घरी मीटर लावला होता, चांगले बारा व्होल्ट आले होते. मिस्त्री हसले. भार नसताना कुजकी वायरसुद्धा बारा दाखवते. त्यांनी कनेक्टर जागेवर ठेवून मागून टाचण्या खुपसल्या. बॅटरीवर 13.8, पंपावर 10.4. मग पंपाच्या काळ्या वायरपासून बॉडीपर्यंत मोजलं. जिथे जवळपास शून्य हवं, तिथे 2.9! अर्थिंगच्या बोल्टला बोट लावलं तर तो चांगलाच कोमट. खाली हिरवट पूड, थिंबल अर्धं खाल्लेलं.

पॉलिशपेपरने पत्रा घासला, नवं थिंबल दाबलं, वर ग्रीस. पुन्हा घाट. काटा तीनला टेकला आणि वरपर्यंत हलला नाही.

खोकं अजून डिकीत आहे. दुकानात पाटी आहे, इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.