आधी दप्तर, मग चुना



घर पाहावे बांधून, असे म्हणतात. घर पाहावे विकून, असेही म्हणायला हरकत नाही!

आपल्यापैकी काहींची शेती खाली सपाटीला आणि वडिलांचे घर वर सातपुड्यात. आमचेही तसेच, धडगावला. कुलूप लावून वर्षे गेली. शेवटी भाऊ-भाऊ बसलो आणि विकायचे ठरले. तिकडे घर बघणारे बहुधा शिक्षक, नोकरदार. ते नाताळच्या सुट्टीत येतात. नेमकी तेव्हाच आपली ऊसतोड. डोंगरातली माणसे तोडणीला उतरलेली, मजूर शोधून सापडत नाही. म्हणून पाऊस उघडला की लगेच कौले चाळून घ्यावीत, वाळवी पाहावी, चुना द्यावा. घर दोन दिवस आधी उघडून कोंदट वास घालवावा, ओटा सारवावा, वीजबिल भरून दिवा लागतो का बघावे. दिवस लहान, रस्ता घाटाचा. पाहुण्यांना सकाळीच बोलवावे.

आमच्या मागच्या भिंतीला ओल होती. धाकटा म्हणाला, "दादा, रंग मारू, कुणाला कळतंय?" मी नको म्हटले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, मालकाला ठाऊक असलेला पण सहज न दिसणारा दोष त्याने सांगायलाच हवा. पाण्याचेही तेच. हिवाळ्यात विहीर भरलेली दिसते. मे महिन्यात काय होते, ते आपणच सांगावे. आम्ही सांगितले. गिऱ्हाइकाने किंमत थोडी पाडली, पण परत आले.

खरी गोष्ट कागदाची. अक्राणी तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्र. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर 1974 पासून महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ प्रमाणे कलेक्टरांची परवानगी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. खरेदीदार आदिवासी असला तरी आधी तहसील कचेरीत विचारावे. आमच्याकडेही एक गृहस्थ आले. "भाव जास्त देतो, कोऱ्या स्टँपवर सही करा, बाकी मी बघतो," म्हणाले. धाकट्याचे मन डळमळले. मुलीचे लग्न तोंडावर, त्याचे तरी काय चुकले? पण असा व्यवहार टिकत नाही. पैसा खर्चून बसतो, जागा वादात पडते आणि कोर्टाच्या पायऱ्या पोरांच्या नशिबी येतात. त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावले.

तेव्हा चुन्याच्या आधी दप्तर काढावे. वारस नोंद झाली का? सोसायटीचा बोजा आहे का? घरपट्टी भरली का? उताऱ्यावरच्या सगळ्यांची संमती आहे का? हे पाहूनच घर दाखवावे.

आमचे गिऱ्हाईक धडगावकडचेच, आदिवासी शिक्षक. परवानगीचा अर्ज दिला आहे. कागद हातात येईपर्यंत इसाराचा एक रुपया घ्यायचा नाही, हे धाकट्यालाही पटले आहे. लग्नाचा खर्च सध्या दोघे मिळून उचलतो आहोत.