एक इंजिन, आकडे अनेक

१९७१ सालच्या कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन ३६५ अश्वशक्तीचं होतं. पुढच्याच वर्षी ते २३५ वर आलं. आकार तोच. बदलली होती ती मोजण्याची रीत. तोवर अमेरिकी कंपन्या 'ग्रॉस' आकडा छापत. एअर फिल्टर, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असं सगळं बाजूला काढायचं आणि उरलेल्या इंजिनाची ताकद मोजायची. मोकळ्या बैलाची धाव मोजून ती गाडीला जुंपलेल्या बैलाच्या नावावर लावण्यासारखाच हा प्रकार होता. १९७२ पासून गाडीत असणारी उपकरणं लावून मोजलेला 'नेट' आकडा छापला जाऊ लागला, आणि दांडगी वाटणारी इंजिनं कागदावर एका वर्षात रोडावली.

हा आकडा काढणारं यंत्र म्हणजे डायनॅमोमीटर. गॅरेजच्या बोलीत 'डायनो'. गंमत अशी, की डायनो अश्वशक्ती थेट मोजतच नाही. तो मोजतो टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा जोर, आणि त्याचा वेग. उरतं ते गणित: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९५४९, की आलं उत्तर किलोवॅटमध्ये. ३००० फेऱ्यांना २०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल, तर ताकद सुमारे ६३ किलोवॅट, म्हणजे ८५ पीएस. ब्रिटिश अश्वशक्ती (बीएचपी) ७४५.७ वॅटची आणि युरोपची पीएस ७३५.५ वॅटची. त्यामुळे तेच इंजिन पीएसमध्ये सांगितलं, की आकडा दीड टक्क्याने आपोआप फुगतो.

टॉर्क मोजायचा, तर शाफ्टला अडवावं लागतं. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या शाफ्टवर लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडा जोडला आणि दांडा आडवा स्थिर ठेवायला टोकाशी किती वजन लागतं ते पाहिलं. वजन आणि दांड्याची लांबी यांच्या गुणाकारातून टॉर्क मिळाला. अडचण उष्णतेची होती, कारण इंजिनाची सगळी ताकद त्या घर्षणात जळत होती. जहाजांच्या अजस्र इंजिनांपुढे लाकडाचा टिकाव लागणार नव्हता. १८७७ मध्ये इंग्लिश अभियंता विल्यम फ्रूड याने पाण्याने भरलेल्या कवचात रोटर फिरवला. घुसळणारं पाणी शक्ती शोषतं, उष्णता सोबत वाहून नेतं आणि कवचाला बसणारा पीळ काट्यावर मोजता येतो. मोठ्या इंजिनांसाठी ही पद्धत आजही वापरात आहे.

विजेने आणखी दोन वाटा उघडल्या. एडी करंट डायनोमध्ये विद्युतचुंबकांजवळ धातूची तबकडी फिरते आणि तिच्यात निर्माण होणारे प्रवाह तिलाच अडवतात. चुंबकाचा प्रवाह कमीजास्त केला, की भार चटकन बदलतो. एसी डायनो त्याहून महाग, पण तो इंजिनाची ताकद विजेत बदलून परत देऊ शकतो. शिवाय बंद इंजिन स्वतः फिरवून त्यातलं घर्षण किती, तेही सांगतो. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या १९६६ सालच्या संस्थेत इंजिनं आणि गाड्या अशाच डायनोंवर तपासल्या जातात.

इंजिन उतरवायचं नसेल, तर अख्खी गाडी रोलरवर चढवतात. त्यातला साधा प्रकार इनर्शियाचा: रोलरचं जडत्व माहीत असतं, तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढली जाते. पण इथे मिळतो तो चाकांवरचा आकडा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा आधीच खाऊन बसलेले असतात. तो वाटा सरसकट १५ टक्के धरण्याची चाल आहे. प्रत्यक्षात तो गाडीगणिक, गिअरगणिक बदलतो. टायरमध्ये हवा कमी असली किंवा गाडी बांधणारे पट्टे जास्त आवळले, तरी आकडा खाली येतो. टायरची ही भानगड टाळण्यासाठी हब डायनोत चाकं काढून यंत्र थेट हबला जोडतात.

मग हवेचा हिशेब. अमेरिकेच्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे१३४९ मानकात २५ अंश सेल्सियस तापमान आणि ९९ किलोपास्कल दाब धरून आकडा दुरुस्त करतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तिथे हवेचा दाब ९५ च्या आसपास. तापमान सारखं असेल, तर साधं पेट्रोल इंजिन मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी ताकद दाखवेल आणि दुरुस्तीचा गुणक ती तूट भरून काढेल. टर्बो इंजिन मात्र विरळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करतं. त्यालाही तोच गुणक लावला, तर न कमावलेली अश्वशक्ती पदरात पडते.

तरीही याच रोलरांनी बड्या कंपन्यांना जाब विचारला आहे. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. मालकांनी गाड्या डायनोवर चढवल्या, आकडे जुळेनात. फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड व एक्झॉस्टचे भाग बदलून दिले. २००१ च्या माझदा मियाटाची ताकद १५५ ऐवजी १४२ निघाली, तेव्हा कंपनीने गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. २००५ मध्ये एसएईने स्वतंत्र साक्षीदारासमोर चाचणी करण्याची पद्धत आणली. त्याच सुमारास टोयोटा कॅमरीचं तीन लिटरचं व्ही६ इंजिन २१० वरून १९० वर आलं.

ट्युनिंगच्या दुकानात 'वीस बीएचपी वाढली' असं सांगून ग्राफ हातात ठेवला, तर आधीचा ग्राफही मागावा. दोन्ही रन त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, टायरच्या त्याच दाबावर झाले का, हे विचारावं. गुणक कोणता लावला तेही पाहावं आणि दुरुस्तीपूर्वीचे आकडे मागून घ्यावेत. ते द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर त्या वीस बीएचपींचे पैसे देऊ नयेत.