कागदाचा कोटा

"न्यूजप्रिंटवर लिहायचंय, तर आधी एक रात्रपाळी बघून ये," संपादक म्हणाले. म्हणून रात्री एक वाजता मी छापखान्यात, रिळं चढवणाऱ्या काकांजवळ उभी होते.

धावतं रीळ संपत आलं होतं. नव्या रिळाच्या कडेला काकांनी आधीच चिकटपट्टी लावून ठेवलेली. ते फिरू लागलं, त्यानं जुन्याचा वेग गाठला आणि पापणी लवायच्या आत कागदाला कागद चिकटला. सुरीनं जुनं टोक कापलं. छपाई क्षणभरही थांबली नाही. गाभ्यावर उरलेला बोटभर कागद काकांनी काट्यावर ठेवला, वजन वहीत टिपलं. "किलोभर म्हणजे बावीस चौरस मीटर कागद, ताई. वाया कसा घालवायचा?"

काका नोकरीला लागले तेव्हा कागद कोट्यानं मिळायचा. परदेशी कागद सरकारमार्फत येई. देशी यायचा नेपानगरहून. भुसावळ-खांडवा मार्गावरची, बांबू आणि सालईपासून कागद करणारी ही गिरणी १९५६ मध्ये नेहरूंनी देशाला अर्पण केली.

सरकारनं पानंही मोजून दिली होती. पुण्याचा 'सकाळ' सात नव्या पैशांना अंक विकून सोमवार ते शनिवार मिळून ३४ पानं देई. १९६० च्या आदेशानुसार तेवढी पानं द्यायची तर किंमत वाढवणं भाग होतं. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायालयानं ही पानांची बेडी तोडली. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांचं. पुढं आलेली दहा पानांची मर्यादाही ३० ऑक्टोबर १९७२ रोजी रद्द झाली. आयात खुली व्हायला मात्र १९९५ उजाडलं.

कोटा गेला, पण काकांची वही गेली नाही. २०१९ मध्ये आयातीवर १० टक्के शुल्क बसलं. पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. रशिया आपला मोठा पुरवठादार, त्यामुळे भाव भडकले. नेपानगरची गिरणी तर यंत्रं बदलण्यासाठी २०१६ पासून बंद होती. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. डॉलर चढला की छोट्या दैनिकाची पानं उतरतात, आणि पहिला बळी जातो तालुक्याच्या पानाचा. त्या पानावर कुणाच्या गावची पाणीटंचाई असते, कुणाच्या शाळेचं गळकं छप्पर. मला काळजी वाटते ती याचीच. सरकारी आदेशाविरुद्ध 'सकाळ'ला न्यायालयात दाद मागता आली. डॉलरच्या भावाविरुद्ध तालुक्यातल्या वाचकानं कुणाचं दार ठोठावायचं?

पहाटे तीनला छपाई संपली. काकांनी वहीत शेवटचा आकडा लिहिला: चार किलो.