गाव तेच, राज्य चौथे

मराठवाड्यातल्या फुलंब्रीत १९४० साली जन्मलेला माणूस विसाव्या वर्षी चौथ्या राज्याचा रहिवासी झाला, तेही गाव न सोडता. निजामाचे संस्थान, भारतातले हैदराबाद राज्य, द्विभाषिक मुंबई आणि अखेर महाराष्ट्र, असा तो प्रवास.

निजामाच्या राजवटीत सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ असावे लागे. १९१९च्या फर्मानानुसार बाहेरून आलेल्याला १५ वर्षांचा कायम रहिवास दाखवावा लागे. शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. अजिंठ्याचा घाट उतरला की इंग्रजी अमलातला खानदेश. भाषा तीच, पण निजामाच्या सात हाली रुपयांचे इंग्रजांचे सहा कलदार रुपये होत आणि करोडगिरीच्या नाक्यावर मालाची जकात भरावी लागे.

१५ ऑगस्ट १९४७ला खानदेश स्वतंत्र झाला. घाटावरच्या मराठवाड्याला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली आणखी तेरा महिने झुंजावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला. राज्य बदलले की नोंदीतला माणूस कसा अधांतरी राहतो, ते दुसरीकडे दिसले: त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात कोरियात दोन सरकारे उभी राहिली. जपानमधल्या कोरियन लोकांच्या नोंदणीत १९४७पासून राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘चोसेन’ लिहिले जात होते. ते फाळणीआधीच्या कोरियाचे नाव. त्या नावाचा देश जपानच्या लेखी कुठेच नव्हता. १९५२ साली त्यांचे जपानी नागरिकत्वही गेले. पुढे अनेकांनी दक्षिणेचे नागरिकत्व घेतले, तर काहींनी दोन्हींपैकी एक कोरिया निवडायचे नाकारून जुनीच नोंद जपली.

मराठवाड्यावर ती वेळ आली नाही. १९५०च्या संविधानाने मुलकी-गैरमुलकी दोघांनाही नागरिक केले आणि १९५२ला मताचा हक्क बजावता आला. १९५६ला हैदराबाद राज्याची तीन शकले झाली, तेव्हा मराठवाडा कोणतीही अट न घालता मराठी मुलखात आला. भालकी, औरादचे मराठी भाषक मात्र आजच्या कर्नाटकात गेले. त्यांची खंत आजही खरी आहे, पण नागरिकत्व कुणी हिरावले नाही.

कागदाचा पाश तरी कुठे सुटला? आरक्षणासाठी मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली. २ सप्टेंबर २०२५ला सरकारने निजामकालीन हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला.

माणूस कुठला, हे त्याची माती आणि माणसे ठरवतात. हक्क मात्र सरकारी नोंदीवरच मिळतो. म्हणून ज्याची नोंद हरवली किंवा ज्याचा देशच दुभंगला, त्याला पुरावा मागण्याआधी हक्क देणे हे राज्याचे पहिले कर्तव्य आहे.