रस्त्यांचे सर्वदिशादर्शी चित्रण : तंत्र आणि मर्यादा

नकाशा रस्त्याची दिशा व अंतर सांगतो. परंतु त्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसास भोवताली काय दिसते, हे नकाशावरून कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी रस्त्यांच्या सर्वदिशादर्शी छायाचित्रणाची पद्धती विकसित झाली. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर असे चित्र पाहताना मान वळवावी तसे दृश्य वळते आणि पाऊल टाकावे तसे ते पुढे सरकते. वडोदरा, हैदराबाद, पुणे, नाशिक इत्यादी शहरांतील रस्ते २०२२ सालापासून अशा रीतीने पाहता येतात. ही चित्रे कशी तयार होतात आणि त्यांत आपला चेहरा, आपले घर वा आपले वाहन आल्यास काय करता येते, हे प्रत्येक नागरिकास ठाऊक असणे इष्ट होय.

प्रारंभीचा प्रयोग

या पद्धतीचा पहिला उल्लेखनीय प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी १९७८ च्या सुमारास कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन या गावी केला. मोटारीच्या टपावर १६ मिलिमीटर फिल्मचे चार कॅमेरे चार दिशांस तोंड करून बसविण्यात आले. मोटारीमागे एक सायकलचे चाक जोडलेले होते. त्या चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजले जाई आणि दर दहा फुटांवर चारही कॅमेरे एकाच वेळी चित्र टिपत. सावल्यांत फार फरक पडू नये म्हणून चित्रण सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळातच केले जाई. ही सर्व चित्रे नंतर व्हिडिओ तबकडीवर उतरविण्यात आली. गूगल कंपनीने २५ मे २००७ रोजी अमेरिकेतील पाच शहरांसाठी ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सेवा सुरू केली. साधने पुष्कळ सुधारली असली, तरी तिच्यामागील तत्त्व ॲस्पेनच्या प्रयोगाहून फारसे निराळे नाही.

चित्र आणि त्याचे स्थान

चित्रण करणाऱ्या मोटारीच्या टपावर उंच दांडी असते व तिच्या टोकाशी अनेक कॅमेरे वर्तुळाकार बसविलेले असतात. एका कॅमेऱ्याच्या चित्राची कड शेजारच्या कॅमेऱ्याच्या चित्रातही यावी, अशी त्यांची रचना असते. ठराविक अंतर कापले गेले की सर्व कॅमेरे एकदमच चित्र घेतात. चित्रे वेळेच्या हिशेबाने घेतली, तर सिग्नलपाशी थांबलेली मोटार एकाच जागेची शेकडो चित्रे घेत राहील.

चित्र घेण्याइतकेच ते कोठे घेतले याची नोंद करणेही महत्त्वाचे असते. त्यासाठी उपग्रहांच्या संदेशांचा उपयोग होतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाल्यास स्थान ठरविता येते. परंतु उंच इमारतींच्या दाटीत हे संदेश भिंतींवर आदळून वळसा घेत येतात आणि मोटार एका गल्लीत असता शेजारच्या गल्लीत असल्याचे भासते. म्हणून चाकांच्या फेऱ्या मोजणारे यंत्र आणि वळणे व हेलकावे टिपणारी उपकरणे यांची जोड द्यावी लागते. या सर्व नोंदींचा मेळ घालून मोटारीचा मार्ग निश्चित केला जातो.

अनेक मोटारींवर लेसर किरणांनी अंतर मोजणारे उपकरणही असते. किरण भिंतीवर आदळून परत येण्यास किती वेळ लागला, यावरून भिंतीचे अंतर निघते. पंधरा मीटरवरील भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास प्रकाशास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. यावरून त्या उपकरणाच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

जेथे मोटार जात नाही तेथे तीनचाकी सायकल किंवा पाठीवर वाहून नेण्याचा कॅमेरासंच वापरतात. २०१३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने ऐतिहासिक वास्तूंचे चित्रण अशा पाठीवरील संचानेच सुरू झाले.

चित्रांची जोडणी

संगणक शेजारशेजारच्या चित्रांतील समान खुणा शोधून ती एकमेकांस जोडतो. पृथ्वीचा गोल कागदावर उलगडून जगाचा नकाशा काढतात, त्याच प्रकारे भोवतालचे गोलाकार दृश्य एका आयताकृती चित्रात उलगडले जाते. आडवे ३६० अंश व उभे १८० अंश असल्याने या चित्राची रुंदी उंचीच्या दुप्पट असते. सर्व कॅमेऱ्यांची भिंगे एकाच बिंदूवर बसविणे शक्य नसल्याने जवळच्या वस्तू प्रत्येक कॅमेऱ्यास किंचित निराळ्या जागी दिसतात. त्यामुळे कधी विजेचा खांब मध्येच तुटल्यासारखा, तर कधी चालणारा मनुष्य अर्धवट दिसतो.

नागरिकांचा खाजगीपणा

रस्ता सार्वजनिक असला, तरी त्यावरून जाणाऱ्या व्यक्तीने आपले चित्र जगापुढे मांडण्यास संमती दिलेली नसते. या प्रश्नावर अनेक देशांत वाद झाले. जपानमध्ये कुंपणापलीकडील अंगण दिसते अशी तक्रार झाल्यावर २००९ साली कॅमेऱ्यांची उंची ४० सेंटिमीटरने कमी करून चित्रण पुन्हा करण्याचे ठरले. जर्मनीत २०१० साली सुमारे २,४४,००० कुटुंबांनी आपली घरे अस्पष्ट करण्याची मागणी केली. चित्रण करणाऱ्या मोटारी घरोघरच्या बिनतारी जाळ्यांतील मजकूरही टिपत होत्या, हे त्याच वर्षी गूगलला मान्य करावे लागले.

चेहरे व वाहनांचे क्रमांक संगणकाद्वारे शोधून अस्पष्ट करण्याची पद्धत २००८ पासून अवलंबिली गेली. परंतु ती निर्दोष नव्हे. कंपनीच्याच संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार चाचणीच्या चित्रांतील ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे आणि ९४ ते ९६ टक्के वाहन क्रमांक पुरेसे अस्पष्ट झाले. म्हणजे दहांपैकी सुमारे एक चेहरा तेव्हा यंत्राच्या नजरेतून सुटत होता. तंत्र सुधारले, तरी काही चेहरे सुटणारच, हे गृहीत धरणे शहाणपणाचे होय.

भारतातील स्थिती

बंगळूर येथे २०११ साली सुरू झालेले चित्रण सुरक्षेच्या कारणास्तव पोलिसांच्या आक्षेपामुळे थांबले व पुढे केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयक नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार रस्त्यांवरील असे सर्वेक्षण करण्याची मुभा केवळ भारतीय संस्थांस आहे. त्यामुळे २७ जुलै २०२२ रोजी दहा शहरांसाठी सेवा सुरू झाली, तेव्हा चित्रणाचे काम जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांकडे होते. या दहा शहरांत वडोदरा, हैदराबाद, मुंबई, पुणे, नाशिक व त्या वेळचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांचा समावेश होता.

नागरिकांनी काय करावे

आपला चेहरा, घर किंवा वाहनाचा क्रमांक स्पष्ट दिसत असल्यास ते चित्र उघडून तेथेच तक्रार नोंदविण्याची सोय आहे. तक्रारीत चित्रातील नेमका भाग दाखवावा लागतो. एकदा अस्पष्ट केलेला भाग पुन्हा पूर्ववत करता येत नाही. यास्तव घराबाबतची मागणी घरातील सर्वांच्या विचाराने करावी. तसेच ही चित्रे त्या क्षणाची नसून मोटार तेथून गेली त्या दिवसाची असतात. दुकान, वळण किंवा पूल आजही तसाच असेल असे न मानता चित्रासोबत दिलेला महिना व वर्ष अवश्य पाहावे.

परक्या गावी जाणाऱ्यास, रस्त्यांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यास व शाळेतील भूगोलाच्या शिक्षकास ही चित्रे उपयुक्त आहेत. मात्र यंत्राकडून सुटलेला चेहरा झाकण्याचा मार्ग नागरिकाच्या तक्रारीतूनच जातो. म्हणून आपल्या रस्त्याचे चित्र एकदा तरी पाहून घेणे प्रत्येकाच्या हिताचे आहे.