मांडणशिल्प शिकवायला लॅब नाही, तास हवा

हायस्कूलमध्ये डिजिटल कला शिकवायची म्हटलं की आधी खर्चाचा विषय निघतो. कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणायचे कुठून? प्रत्यक्षात सुरुवात एका मोबाईलवरही होते.

मांडणशिल्प, म्हणजे इन्स्टॉलेशन, नुसतं भिंतीवर टांगायचं नसतं. जागा हाही त्याचाच भाग. सुबोध गुप्ता यांनी २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांतून भलीमोठी कवटी उभारली. नाम जून पाइक यांनी १९७४ मध्ये बुद्धमूर्तीसमोर कॅमेरा आणि टीव्ही ठेवला. मूर्ती पडद्यावर स्वतःलाच पाहत बसते. वस्तू साध्या, अर्थ मांडणीतून येतो.

वर्गातही हे जमतं. मुलांनी आजीला विचारून तिची बाजाराची आठवण रेकॉर्ड करायची, रिकाम्या खोलीत घरची जुनी भांडी मांडायची, त्यांत मोबाईल ठेवून आवाज लावायचा. सीमाभागात त्या आवाजात मराठीबरोबर कन्नड, कोकणीही येईल. ती गाळायची नाही. गुण देताना एकच विचारायचं: ही वस्तू इथेच का ठेवली?

खरी अडचण तासाची. दहावी आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. कला आणि विज्ञान यांत कडक विभागणी नको, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. शाळेच्या वेळापत्रकात ते अजून दिसायचं आहे.