नव्वदच्या पुढचा रस्ता

गाडी घ्यायची ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जपानीच घ्या. ॲव्हरेज चांगलं, पार्ट कुठेही मिळतात, विकायला काढली तरी चार पैसे हाती लागतात. दुसरा म्हणतो, एकदा जर्मन गाडी चालवून बघा, मग बोलू. दोघांचंही खोटं नसतं. फक्त एकाच्या डोळ्यासमोर सिग्नलला तुंबलेला रस्ता असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर मोकळा एक्स्प्रेस वे.

हा वाद घालायला सध्या आपल्या बाजारात अगदी जोडीच्या गाड्या आहेत. टोयोटाची हायरायडर आणि तिचंच भावंड असलेली सुझुकीची ग्रँड व्हिटारा एका बाजूला, फोक्सवॅगनची टायगुन आणि स्कोडाची कुशाक दुसऱ्या बाजूला. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, बसणारी माणसं पाच, वापर घरगुती. बाकी गाड्यांचे पासपोर्ट फार गंभीरपणे घेऊ नयेत. ‘जर्मन’ टायगुन चाकणला बनते आणि ‘जपानी’ हायरायडर बनवणाऱ्या कंपनीच्या पाटीवर टोयोटाच्या शेजारी किर्लोस्करांचं नाव आहे.

हायरायडरच्या हायब्रिड मॉडेलचं जाहीर ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर. एवढ्या मोठ्या गाडीला हा आकडा थक्क करणारा आहे. तो खोटाही नाही. पण तो कुठल्या रस्त्यावर मिळाला, हे विचारायला हवं. आपण त्याला ‘एआरएआयचा आकडा’ म्हणतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, वाहनांच्या चाचण्या घेणारी ही संस्था १९६६ पासून आहे. टेकडी चढणारे पुणेकर टेकडीलाच तिच्या नावाने ओळखतात. ॲव्हरेजची चाचणी मात्र रस्त्यावर होतच नाही. गाडीची चाकं रोलरवर ठेवलेली असतात, ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते आणि त्याने ती रेघ न सोडता गाडी ‘चालवायची’ असते. एसी बंद. ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या आत खेळ आटोपतो. त्यात शहरातल्यासारखं थांबणं-निघणं चार वेळा गिरवलं जातं, मग थोडा हायवे. या हायवेवर गाडी कधीच ९० च्या पुढे जात नाही.

ही चाचणी युरोपातल्या जुन्या चाचणीवरूनच घेतलेली. तिथे शेवटच्या टप्प्यात वेग १२० पर्यंत जायचा, आपण तो ९० वर आणला. २०१७ पासून युरोपात नवी चाचणी आली, तिचा शेवटचा टप्पा थेट १३१ पर्यंत जातो. कारण उघड आहे. जर्मनीच्या ऑटोबानवर बऱ्याच भागात वेगमर्यादाच नाही, १३० चा नुसता सल्ला आहे. जपानमध्ये एक्स्प्रेस वेवर साधारण १०० ची मर्यादा, मोजक्याच भागात १२०. त्यांच्या जुन्या चाचणीत गाडी ८२ च्या खालीच राहायची आणि सरासरी वेग पंचवीससुद्धा भरत नव्हता. पुढे जपाननेही युरोपातली नवी चाचणी स्वीकारली, पण तिच्या चार टप्प्यांतला सर्वांत वेगवान टप्पा सरळ वगळला. आमच्याकडे असा रस्ताच नाही, मग त्याची परीक्षा कशाला, असा त्यांचा रोकडा हिशेब.

परीक्षेत जे येतं त्याचाच अभ्यास होतो. इंजिनिअरही याला अपवाद नाहीत.

आता थोडं गणित. सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या स्थिर वेगाने जायला अशा गाडीला किती ताकद लागते? ढोबळ हिशेबाने पाच अश्वशक्ती. १०० ला वीस-एकवीस. १२० ला तेहतीसच्या घरात. टायरचं घर्षण फारसं बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी ताकद घनाने. साठ-सत्तरच्या पुढे गाडीचं खरं भांडण हवेशी असतं.

बॉनेटखाली असतात शंभर-दीडशे अश्वशक्ती आणि शहरात काम असतं पाचाचं. पेट्रोल इंजिनाचं मूळ दुखणं हेच. पाच माणसांच्या भातासाठी लग्नातला हंडा चुलीवर चढवावा, तसं. इंजिनाला भरपूर काम दिलं की ते पेट्रोलचा बऱ्यापैकी उपयोग करतं. कमी काम दिलं की हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढून घ्यायलाच शक्ती खर्चावी लागते. सिग्नलला तर इंजिन नुसतंच पेट्रोल जाळत बसतं. गेल्या तीस वर्षांत जपानी आणि युरोपीय इंजिनिअरांनी या एकाच दुखण्यावर दोन वेगळी औषधं काढली. आज शोरूममध्ये आपण निवडतो ती ही औषधं.

टोयोटाचं औषध डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस या हायब्रिड गाडीच्या रूपाने बाजारात आलं. त्याच्या गाभ्याशी फुटबॉलएवढीही नसलेली एक दातेरी ग्रहमाला आहे. मधोमध सूर्यचक्र, भोवती फिरणारी छोटी ग्रहचक्रं आणि सगळ्यांना कवेत घेणारं, आतून दाते असलेलं कडं. प्रियसच्या सुरुवातीच्या मॉडेलांत सूर्याला ३० दाते होते, कड्याला ७८. इंजिन ग्रहांच्या चौकटीला जोडलेलं, सूर्याला जनरेटर आणि कड्याला मोटर व चाकं. इंजिनाने लावलेला पीळ, म्हणजे टॉर्क, यात आपोआप वाटला जातो: ७२ टक्के चाकांकडे, २८ टक्के जनरेटरकडे. ही वाटणी दातेच ठरवतात, कुठलाही कॉम्प्युटर ती बदलू शकत नाही. कॉम्प्युटर फक्त जनरेटरचा वेग कमीजास्त करतो आणि त्यामुळे गाडीचा वेग काहीही असला तरी इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर चालू शकतं. यात बदलायला गिअर नाहीत, झिजायला क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टरही नाही. मला हे यंत्र पाहताना दर वेळी वाटतं की इतकं कमी सामान वापरून इतकं काम काढणं हीच खरी कारागिरी.

सोबत ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन. जेम्स ॲटकिन्सन हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज इंजिनिअर. म्हणजे जपानी गाडीच्या काळजात एक ब्रिटिश कल्पना. पिस्टन वर येऊ लागला तरी हवा आत घेणारी झडप थोडा वेळ उघडीच ठेवायची, काही हवा परत जाऊ द्यायची. दाबायला कमी, पण जळून फुगायला पूर्ण लांबी. पेट्रोलमधली ऊर्जा जास्त वसूल होते; २०१५ च्या प्रियसच्या इंजिनाने ४० टक्क्यांपर्यंत मजल मारली. बदल्यात जोर कमी पडतो, तो मोटर भरून काढते. आणि ब्रेक दाबला की मोटर उलट वीज बनवते. दीड टनाची गाडी ६० वरून थांबते तेव्हा साधारण ०.०६ युनिट ऊर्जा एरवी ब्रेकच्या उष्णतेत जाते. असे सोळा-सतरा सिग्नल म्हणजे एक युनिट. सगळी परत मिळत नाही, पण बरीच मिळते.

फोक्सवॅगनचं औषध निराळं. हंडाच लहान करा आणि गरज पडली की फुंकणी लावा. दीड लिटरचं इंजिन, त्याला टर्बो, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, तेही ३५० बारच्या दाबाने. साध्या इंजिनात हाच दाब तीन-चार बार असतो. परिणाम १५० अश्वशक्ती आणि १६०० फेऱ्यांपासूनच २५० न्यूटन-मीटरचा पीळ. हायरायडरमध्ये इंजिन आणि मोटर मिळून ११६ अश्वशक्ती. शिवाय काम हलकं असलं की चारपैकी मधले दोन सिलिंडर झोपवले जातात आणि उरलेले दोन पोटभर काम करतात. दुखणं तेच, उपचार वेगळा. पण हे यंत्र नाजूक मिजाशीचं आहे. टर्बोची पाती लालभडक तापलेल्या धुरात मिनिटाला लाखावर फेरे घेत असतात. इंजिन ऑइल सांगितलेल्या दर्जाचंच आणि वेळेवर बदललं गेलं पाहिजे. ‘अजून दोन हजार किलोमीटर चालेल की’ ही आपली सवय इथे महागात जाते.

खरी कसोटी गिअरबॉक्सची. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी, एक समसाठी. एक गिअर चालू असताना पुढचा तयारच असतो, त्यामुळे बदल झटक्यात होतो. आपल्याकडच्या या गाड्यांत हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. घर्षणाची उष्णता हवेनेच निघून जायची. हिंजवडीच्या सुटीच्या वेळेत गाडी जेव्हा फूट-फूट सरकते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला राहतो, म्हणजे आपण ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो तेच इथे गाडी स्वतः करते. डीएसजीच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये तीन लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून सुधारणा झाल्या आहेत, पण उष्णतेचे नियम तेच आहेत. उपाय साधा: समोर गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेक दाबून थांबा, मग एकदाच पुढे जा.

हायब्रिडवाल्यांनी यावर हसू नये, कारण पुढे घाट आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ. पाच माणसं आणि सामान धरून १६०० किलोची गाडी तेवढी उचलायला, घर्षण वगैरे सोडून, सुमारे अडीच युनिट ऊर्जा लागते. हायरायडरची बॅटरी आहे ०.७६ युनिटची आणि तीही पूर्ण वापरू दिली जात नाही. म्हणजे घाट निम्मा होण्याआधीच बॅटरीचा हात आखडतो आणि तीन सिलिंडरचं ॲटकिन्सन इंजिन एकटं ओरडत वर चढतं. उतरतानाही तेच, बॅटरी चटकन भरते आणि पुढची वीज ठेवायला जागा नसते. समृद्धी महामार्गावर तर ब्रेकच क्वचित लागतो. ७०१ किलोमीटर, मर्यादा १२०. तिथे परत मिळवण्याजोगं काही उरतच नाही. हवेशी झुंज पेट्रोललाच द्यावी लागते आणि हायब्रिडची आघाडी बरीच आटते. हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. आपल्या चाचणीत न आलेला वेग महाराष्ट्रात आता रोजचा झाला आहे.

देशाभिमानाबद्दलही दोन शब्द. स्विफ्ट डिझेलने गावोगाव मारुतीचं नाव केलं. तिचं १२४८ सीसीचं इंजिन फियाटचं, इटालियन. तेच इंजिन रांजणगावलाही बनत होतं. २०१४ मध्ये सेलेरिओने क्लचविना गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली, तो गिअरबॉक्स मॅग्नेती मारेली या इटालियन कंपनीचा. जपानी गाड्यांची ओळख बनलेला सीव्हीटी गिअरबॉक्स १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीच्या छोट्या गाडीत रबरी पट्ट्यांवर चालत होता. १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत तर भारतात चालणारी बहुतेक प्रत्येक गाडी युरोपीय घराण्याचीच होती. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. त्या पिढीचा टिकाऊपणावरचा विश्वास युरोपवर होता आणि मारुती म्हणजे ‘पत्र्याचा डबा’.

पत्र्याचा विषय निघालाच आहे. शोरूममध्ये दारावर अंगठा दाबून बघणारे अजून आहेत. बाहेरचा पत्रा अपघातात फारसं काही करत नाही. जीव वाचवतो तो आतला सांगाडा, पट्टे आणि एअरबॅग. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ताशी ६४ च्या वेगाने भारतीय गाड्या आपटल्या तेव्हा अल्टो ८०० ला शून्य तारे मिळाले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. एअरबॅग नसलेल्या पोलोलाही शून्यच मिळाले होते, हे कुणी सांगत नाही. पोलोचा सांगाडा तग धरून होता. दोन एअरबॅग बसवल्यावर तीच गाडी चार ताऱ्यांवर गेली. आणि २०२४ मध्ये मारुतीच्याच डिझायरने पाच तारे मिळवले. प्रामाणिकपणाची मक्तेदारीही कुणा एका खंडाकडे नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेलच्या धुराची चाचणी फसवल्याचं उघड झालं, २०२३ मध्ये टोयोटाच्याच दायहात्सू कंपनीने सुरक्षेच्या चाचण्यांत लबाडी केल्याचं.

मग निवड कशी करायची? मला विचाराल तर सध्याच्या गाडीच्या मीटरवर सरासरी वेग बघा, महिन्याभराचा. मीटरवर नसेल तर महिन्याचे किलोमीटर आणि गाडीत काढलेले तास यांचा भागाकार करा. तो पंचविशीच्या आसपास असेल तर तुमचं आयुष्य जपानी चाचणीत चाललंय, हायब्रिड घ्या. पन्नास-साठच्या वर असेल, दर पंधरवड्याला नागपूर किंवा कोल्हापूर गाठायचं असेल, चढावर ट्रकला मागे टाकताना मनात धाकधूक नको असेल, तर टर्बो घ्या आणि ऑइलची तारीख चुकवू नका. आणि आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आला, तर ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर घरापासून जवळ आहे तिची गाडी घ्या.